एकच गोळा, तोही पाण्यात

२ फेब्रुवारी

ही डायरी मला बायकोने दिली. भेट म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून. "दिवसभर मला जे ऐकवता ना, ते आता हिला ऐकवा," असं म्हणून तिने ती माझ्या चहाच्या कपाशेजारी आपटली.

वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला फार दिवस झालेले नाहीत. तेवढ्यात मी घरातला तराजू, दुधाचं माप आणि हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप असं सगळं तपासून काढलं. टेप ओढून ओढून बोटभर लांबली होती. मी ती कापून फेकून दिली. चूक ती चूक. नोकरीत असताना दोनच शिक्के मारले मी, 'तपासले, योग्य' आणि 'तपासले, अयोग्य'. तिसरा शिक्का सरकारने कधी दिला नाही आणि मी मागितला नाही. टेपवरून घरात जे झालं ते मात्र लिहिण्यासारखं नाही.

असो. मला काम मिळालंय! टेकडीवरचा टेहळणीचा मनोरा समिती आता लोकांसाठी उघडणार आहे. युद्धात तिथून समुद्रावर नजर ठेवायचे. त्यानंतर तिथे कबुतरं राहिली आणि प्रेमात पडलेली माणसं. आता साफसफाई, रंगरंगोटी आणि दारापाशी एक पितळी पाटी. पाटीवर मनोऱ्याचा इतिहास, आणि तो लिहिणार मी! समितीचे अध्यक्ष म्हणजे धक्क्यावरच्या हॉटेलचे मालक. म्हणाले, "तुमच्याइतका काटेकोर माणूस गावात दुसरा नाही." मी एकदा त्यांचे सरबताचे सगळे पेले जप्त केले होते. तळ जाड होता पेल्यांचा. तेव्हा हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरवता आलेलं नाही.

५ फेब्रुवारी

मनोऱ्यावर चढलो. पायऱ्या मोजल्या. आकडा जेवताना सांगायला लागलो तर ही म्हणाली, "डायरीला सांगा." मग मी डायरीलाही सांगत नाही. बसा.

वरची खोली गोल आहे. समुद्राच्या बाजूला भिंतीत एक आडवी फट, माणसाचं तोंड मावेल एवढीच. फटीपाशी दुर्बिणीचा लोखंडी पाय अजून जमिनीत घट्ट. खालच्या तोफा कधीच भंगारात गेल्या, पण हा पाय कोणाला उपटता आला नाही. भले शाब्बास!

कामाची पद्धत मला लहानपणापासून तोंडपाठ आहे, तरी लिहून ठेवतो. बोट दिसली की दुर्बीण तिच्यावर लावायची. जवळची बोट पाहायला दुर्बीण जास्त खाली झुकते, लांबची पाहायला कमी. किती झुकली यावरून बोट किती लांब ते काढायचं आणि तेवढ्या अंतरावर तोफ डागायची. सोपं आहे. फक्त त्यासाठी आपण पाण्यापासून किती उंचावर आहोत हे माहीत हवं, आणि पाणी मेलं भरती-ओहोटीने सारखं वरखाली! म्हणून खाली धक्क्याला एक खांब रोवलेला, त्यावर फूटफूटभर रुंदीच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या, आणि खांबापाशी टेलिफोन घेऊन बसलेली एक मुलगी. किती पट्ट्या पाण्याखाली आहेत तेवढं तिने वर कळवायचं. नियम असा कडक की फोनवर आकड्याशिवाय एक शब्द काढायचा नाही. नमस्कार नाही, निरोप नाही. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं.

हे सगळं मला तोंडपाठ का? कारण ती मुलगी म्हणजे माझी मावशी. आईची सख्खी धाकटी बहीण. सध्या आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि आत्ता, हे लिहीत असताना, माझ्या बशीतलं बिस्कीट उचलून घेऊन गेली.

८ फेब्रुवारी

अध्यक्षांना पाणबुडी हवी आहे.

"शत्रूची एखादी पाणबुडी बुडवली असेलच ना हो?" हे विचारताना त्यांचा चेहरा इतका आशाळभूत होता की क्षणभर मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, अख्ख्या युद्धात या मनोऱ्यावरून एकच गोळा सुटला, तोही पाण्यात पडला, आणि तोही आपल्याच बोटीवर सोडलेला होता.

"आपल्याच?"

"माझ्या वडिलांच्या."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "हे पाटीवर लिहिणार तुम्ही? लोक वर्गणी देऊन एवढं चढून येणार, आणि वाचणार काय?"

"जे झालं ते," मी म्हणालो.

९ फेब्रुवारी

काल राग आला होता म्हणून पूर्ण लिहिलं नाही. आज लिहितो.

बाबांची लाँच होती. समोरच्या किनाऱ्यावरून टपाल आणि भाजी आणायचे. इंजिनाला कायमचा खोकला झालेला, खक-खक-फुस, खक-खक-फुस, म्हणून गावात तिचं नावच 'खोकली'. युद्धात आपल्या बोटी ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या छपरावर पांढरा पट्टा रंगवायचा हुकूम होता. त्या दिवशी बाबा आईला पलीकडच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होते. आई पोटुशी होती. पोटात मी. येताना भुरभुर सुरू झाली. बायको भिजू नये म्हणून बाबांनी छपरावरून ताडपत्री ओढली आणि पांढरा पट्टा झाकला गेला. बाबांचं सगळं आयुष्य असंच. एकाला वाचवायला जायचं आणि दुसरीकडे आग लावून ठेवायची.

वरून धुक्यात नुसता काळा ठिपका दिसला. पट्टा नाही, वेळ नेहमीची नाही. वरच्या साहेबांनी तोफेचा हुकूम दिला. अंतर काढलं, गोळा सुटला आणि खोकलीच्या डोक्यावरून लांब जाऊन पाण्यात पडला. कारण? मावशीने पाण्याच्या पट्ट्या चुकीच्या सांगितल्या! चौदा होत्या, आठ सांगितल्या. पाणी जितकं खाली तितका मनोरा उंच धरायचा, आणि मनोरा जितका उंच तितकी बोट लांब. सगळा हिशोबच पुढे सरकला.

दुसरा गोळा भरेपर्यंत आई लाँचवर उभी राहिली, ताडपत्री टराटरा ओढून काढली आणि मनोऱ्याकडे तोंड करून जे काही बोलली ते धुक्यातून थेट टेकडीपर्यंत ऐकू गेलं. साहेब म्हणाले म्हणे, "थांबा. इतक्या अस्सल शिव्या शत्रूला यायच्या नाहीत."

बाबा हा किस्सा दर रविवारी जेवताना सांगायचे. शेवटी मावशीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हिला मोजता आलं असतं तर आज आपण कोणीच नसतो!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आम्ही सगळे हसायचो. मावशीही. तिला मात्र दुसऱ्याच दिवशी कामावरून काढून टाकलं होतं.

आता प्रश्न असा की हे पाटीवर नावासकट लिहायचं का. मी म्हणतो, लिहायचं.

१० फेब्रुवारी

ही बोलत नाहीये.

१२ फेब्रुवारी

बोलली! "ज्या बाईने तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं, तुमच्या आईच्या आजारपणात सगळं घर सांभाळलं, तिचं नाव पितळेत कोरायचं ते काय चुकली म्हणून? लाज वाटते का काही?"

मी शांतपणे म्हणालो की माणूस म्हणून मावशी सोन्यासारखी आहे, पण माप हे माप आहे. गोळा लांब का पडला, हे एकच तर सांगण्यासारखं आहे त्या मनोऱ्याबद्दल. ते गाळायचं तर पाटीवर काय लिहू, कबुतरांबद्दल?

"तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही," ही म्हणाली. "इतकी वर्षं झाली लग्नाला, मला वाटलं आज ना उद्या कळेल." आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तो रडण्यासाठी होता की हसू दाबण्यासाठी, ते मला नीट दिसलं नाही.

शेवटी थेट मावशीलाच विचारलं. ती विणत बसली होती. म्हटलं, "मावशी, त्या आठ पट्ट्यांचं पाटीवर लिहू का?"

"लिही की बाळ्या. चुकले तर चुकले." सुया थांबल्या नाहीत. "अक्षर मोठं ठेव म्हणजे झालं. पुसट पाट्या मला आवडत नाहीत."

एवढ्या मोठ्या मनाची बाई! मला भरूनच आलं. तिच्या हातातल्या स्वेटरला नावाजावं म्हणून उगाच टाके मोजून पाहिले. एकही इकडचा तिकडे नाही. लग्न न करता सिनेमाच्या तिकीटखिडकीवर आयुष्य काढलं तिने, तिथेही कधी खुर्ची एक आणि माणसं दोन असं झालं नाही. पत्त्यांत तर कोणाच्या हातात काय आहे ते आधीच सांगते. फक्त त्या एका दिवशीच काय झालं होतं कोण जाणे. वय लहान होतं, घाबरली असेल.

१८ फेब्रुवारी

मनोऱ्यापाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. टोपी, काठी, बूट आरशासारखे. कुलूप हलवून बघत होते. मी दरडावून विचारलं, "काय हवंय?" तर म्हणाले, "वर माझी दुर्बीण होती."

मी गारच पडलो! युद्धात त्या फटीपाशी बसणारे दुर्बीणवाले हेच. युद्ध संपलं आणि ते आपल्या गावी गेले. मनोरा उघडणार असं वर्तमानपत्रात वाचून खास बसने आले होते. मी त्यांना हाताला धरून वर नेलं. दुर्बिणीच्या त्या लोखंडी पायावर हात ठेवून ते समुद्राकडे बघत राहिले. मी आपला प्रश्नांवर प्रश्न विचारत होतो.

"गोळ्याच्या दिवशी तुम्हीच होता?"

"मीच. तिने आठ सांगितला, मी आठ लावला."

"पण त्याच्या आधीचा आकडा?"

"तेरा," ते म्हणाले. "भरती चढत होती. तेरानंतर चौदा यायचा."

"मग आठ कसा येईल? एवढ्यात पुरुषभर पाणी उतरतं का?"

"नाही उतरत."

"अहो, मग तुम्ही तेव्हाच शंका घ्यायला हवी होती!"

"हवी होती खरी," म्हणाले आणि चक्क हसले. निष्काळजीपणावर हसणारी माणसं मला आवडत नाहीत, पण वय बघून सोडून दिलं.

मग आपणहून म्हणाले, "आकडा सांगायच्या आधी ती थांबली. एरवी कधी थांबायची नाही. साहेब तिकडून ओरडत होते आणि फोनवर नुसता पाण्याचा आवाज येत होता." म्हणजे गोंधळली होती, हे माझं म्हणणं बरोबरच निघालं.

जाताना त्यांनी विचारलं, "आहे ती?"

"आमच्याकडेच असते. चला ना, चहा घ्या."

त्यांनी टोपी नीट केली, मग पुन्हा केली. "आज नको. आम्ही कधी भेटलेलो नाही. बोललो ते फक्त आकड्यांत." पाटीच्या कार्यक्रमाला येतो म्हणाले.

घरी येऊन मावशीला सांगितलं. तिचा विणताना टाका सुटला. वय होत चाललं बिचारीचं.

२१ फेब्रुवारी

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. मावशी चुकलीच नसेल. खांब चुकला असेल!

फूटफूटभराच्या पट्ट्या. लाल-पांढऱ्या. चौदाच्या जागी आठ वाचायला माणूस आंधळा हवा. तेव्हा वाचणाऱ्यात दोष नसेल तर मापात असणार, हे तर माझ्या नोकरीतलं पहिलं पान. खांब खचला असेल, वाकला असेल, कोणी तरी वरच्या पट्ट्या चुकीच्या रंगवल्या असतील. खांब दोषी ठरला की मावशी सुटली! पाटीवर लिहीन, 'सदोष मापामुळे'. ही ऐकून म्हणाली, "वा!" आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

२४ फेब्रुवारी

ओहोटीला धक्क्यावर गेलो. ओळंबा, टेप (नवीन, तपासलेली), ब्रश. शेवाळं खरवडून एकेक पट्टी मोजली. गुडघ्यापर्यंत चिखल. अध्यक्ष हॉटेलच्या गच्चीवरून गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते.

खांब सरळ आहे. पट्ट्या बरोबर आहेत. जुन्या मापाला नावं ठेवायला जागा मिळू नये याचं इतकं दुःख मला जन्मात झालं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

आता एकच शक्यता राहते. मावशीच्या नजरेत तेव्हा दोष असणार. तिला भरतीच्या वेळी धक्क्यावर नेलं. म्हटलं, "मावशी, वाच बघू."

तिने चष्माही लावला नाही. "अकरा. आणि बारावी अर्धी. माझ्याकडे काय बघतोस, खांबाकडे बघ."

मी वाकून, वेगवेगळ्या कोनांतून, तीनतीनदा पाहिलं. अकरा आणि बारावी अर्धी. म्हणजे तरुणपणी नजर कच्ची आणि म्हातारपणी पक्की! वयाने नजर सुधारते असं मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

परत निघताना धुकं उतरलं. पलीकडचं काही दिसेना. मावशी एकदम थांबली. "बर्फाच्या कारखान्याची लाँच येतेय. इंजिनात पाणी गेलंय तिच्या." मी म्हटलं, कुठे काय? बऱ्याच वेळाने धुक्यातून लाँच बाहेर आली. बर्फाच्या कारखान्याचीच, आणि नावाडी इंजिनाला लाथा घालत होता.

कान मात्र आधीपासूनच तिखट आहेत तिचे. इथे खाली पाण्याला लागून उभं राहिलं की एकेक इंजिन वेगळं ऐकू येतं म्हणाली. वरच्या फटीतून नुसता वारा.

२६ फेब्रुवारी

दात घासत होतो.

ब्रश तोंडातच राहिला. खक-खक-फुस. तिला ऐकू आलं होतं! वरच्यांना दिसला काळा ठिपका, आणि खाली पाण्याशी बसलेल्या मावशीला ऐकू आली खोकली. खोकलीत तिची बहीण. बहिणीच्या पोटात मी.

मी तसाच, तोंडात फेस घेऊन, मागच्या खोलीत धावलो. दोघी पत्ते खेळत होत्या. मी म्हणालो, "तू मुद्दाम आठ सांगितलास!" फेसामुळे ते नीट ऐकू गेलं नसणार, पण मावशीने पत्ते खाली ठेवले आणि हिच्याकडे बघून म्हणाली, "आण डबा. जिंकले मी. तू म्हणालीस मरेपर्यंत कळणार नाही त्याला."

ही उठली आणि कपाटातून बिस्किटांचा अख्खा डबा तिच्यापुढे ठेवला. म्हणजे हिला माहीत होतं! कधीपासून? तर लग्नानंतर पहिल्यांदा बाबांच्या तोंडून किस्सा ऐकला तेव्हापासून. "खांबावरच्या पट्ट्या बघितल्या आणि मावशींचं विणकाम बघितलं. त्यात कळायला काय होतं?"

मी चूळ भरून येऊन बसलो.

"ही आपली खोकली आहे, असं फोनवर सांगणार होते," मावशी म्हणाली. "साहेब ओरडले, आकडा! माझी बहीण आहे हो तिच्यात, हे अगदी ओठांवर आलं होतं. आकडा सांग! मग काय करणार बाळ्या? त्यांना आकडाच हवा होता. दिला."

"आणि पुढे कोणाला सांगितलं का नाहीस? बाबांना? आईला?"

"तेव्हा बोलले असते तर तुरुंगात गेले असते. नंतर..." तिने एक बिस्कीट चहात बुडवलं. "भावोजी इतके हसायचे रे तो किस्सा सांगताना. खरं कळलं असतं तर हसले असते का? माझ्यासमोर हात जोडून बसले असते दर रविवारी. आणि ताई? ताई माझ्याशी परत कधी भांडली नसती. माझ्याकडून उपकार झाले म्हणून सगळं ऐकून घेतलं असतं तिने. एकच बहीण, तिच्याशी भांडताही येऊ नये? त्यापेक्षा मला मोजता येत नाही हे बरं होतं."

मी रडलो. लपवण्यात अर्थ नाही, डायरी माझीच आहे. या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी हसून घेतलं, आणि मी मोठेपणी वजनमापे खात्यात गेलो तेव्हा घरात सगळे म्हणाले होते, मावशीवर गेला नाही हे नशीब. तेव्हा गोड काय वाटलं होतं आठवत नाही. ती सगळ्यांच्या पुढे टाळ्या वाजवत होती एवढं आठवतं.

२७ फेब्रुवारी

सकाळी उठून पाटीचा मजकूर लिहिला. 'असामान्य धैर्य' होतं, 'प्राणांची पर्वा न करता' होतं. मावशीला वाचून दाखवला.

"खबरदार!" ती म्हणाली. एवढा चढा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "उद्या बाजारात भाजीवालीसुद्धा माझ्याकडे डोळे भरून बघायला लागेल. मला भाजी घ्यायची असते, सत्कार नाही. आणि दुर्बिणीशी बसणाऱ्या त्या माणसाचं काय? तेरानंतर आठ त्याने निमूट लावला. त्याला कळलं नसेल असं वाटतं तुला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हसत होते ते. हवी होती खरी, म्हणाले होते. आणि मी त्यांच्यावर डाफरलो!

"मग काय लिहू?" मी हात टेकले. "चूक लिहायची नाही, कारण ती चूक नव्हती. पराक्रम लिहायचा नाही, कारण तू घर सोडून जाशील."

"तू निरीक्षक ना? तपासलंस ना सगळं, चिखलात लोळून? मग तपासून काय सापडलं ते लिही. जन्मभर शिक्के मारलेस ना, तसा एक मार."

३ मार्च

तीन दिवस खोडतोय. ही म्हणते, एवढा विचार मुलीला नकार कळवतानाही कोणी करत नाही.

६ मार्च

झालं! मजकूर अध्यक्षांकडे दिला. त्यांनी पुढून वाचला, मागे काही आहे का बघितलं, पुन्हा पुढून वाचला.

"पाणबुडी नाही ती नाहीच?"

"नाही."

"आणि गोळा कोणालाही लागला नाही हे असं कौतुकाने सांगायचं?"

"हो," मी म्हणालो. "कौतुकानेच."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांची बोट ना? आईच्या पोटात कोण होतं म्हणालात?" मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पोऱ्याला सांगून सरबत मागवलं. पेल्याचा तळ जाड होता. मी प्यायलो.

१५ मार्च

आज पाटी लागली.

सकाळी हिने मावशीला तिच्याच हातचा निळा स्वेटर घालायला लावला. टेकडी चढायला आम्ही दोघं दोन बाजूंनी, तर ती म्हणते, "सोडा रे, मी काय तोफ आहे ओढून न्यायला?" लोक बरेच होते. अध्यक्षांनी भाषण केलं, लांबलं. पडदा ओढला. मावशी पुढे गेली आणि चष्मा न लावता मोठ्याने वाचू लागली:

"युद्धकाळात या मनोऱ्यावरून समुद्रावर पहारा असे. संपूर्ण युद्धात येथून एकच गोळा सुटला. तो कोणालाही लागला नाही. त्या दिवशी धक्क्यावरून आलेले पाण्याचे माप तपासले. योग्य होते."

शेवटचे दोन शब्द तिने दोनदा वाचले. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. कोणाला फारसं कळलं नाही. ती मागे वळली आणि माझ्या गालावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "अक्षर मोठं ठेवलंस हो," एवढंच म्हणाली.

गर्दी वर मनोऱ्यात चढली आणि खाली आम्हीच उरलो. तेव्हा ते दिसले. कठड्यापाशी, टोपी हातात घेऊन, ताठ उभे. दुर्बीणवाले. मी ओळख करून द्यायला पुढे होणार तर हिने माझी बाही ओढली. एरवी मी विचारलं असतं, का म्हणून? आज विचारलं नाही. शिकतोय मी.

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत एकमेकांना काय म्हणायचं ते कधी ठरलंच नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले,

"आकडा?"

मावशीने खाली धक्क्याकडे पाहिलं. भरती पुरी चढली होती. खांब इथूनही स्पष्ट दिसत होता. ती थांबली, थोडीशीच.

"आठ," ती म्हणाली.

"आठ लावला," ते म्हणाले.

आणि दोघं हसायला लागली. बाबा हसायचे तसं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

खांबावर पाणी चौदा पट्ट्यांवर होतं. मी स्वतः मोजलं, दोनदा. तरी नोंद करतो: पाणी, पट्ट्या आठ. तपासले. योग्य.